शिडाच्या छोट्या बोटीसाठी घरच्या मशीनवर काय काय शिवता येतं, आणि कसं

मुंबईच्या समुद्रात शिडाची बोट चालवायचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बोटी वर काढून ठेवतात आणि मग पुढचे चार महिने बोटवाल्यांना काही सुचत नाही. हा काळ शिवणकामाला एकदम बेस्ट. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, बोट झाकायचं कव्हर मात्र पाऊस यायच्या आधी तयार लागतं, म्हणजे ते मे मधेच करायचं, आणि बाकीच्या वस्तूंची मापं पण तेव्हाच घेऊन ठेवायची, मग घरात बसून नारळी पौर्णिमेपर्यंत आरामात शिवत बसा.

इथे मी उदाहरण म्हणून एंटरप्राइझ डिंगी धरलीये. जॅक होल्टनी १९५६ साली डिझाईन केलेली, ४.०४ मीटर लांब, १.६० मीटर रुंद, निळ्या शिडांची दोन माणसांची बोट. आपल्याकडे जुन्या एंटरप्राइझ अजून सापडतात, पण त्यांची रेडीमेड कव्हरं बाहेरून मागवायची म्हटली की शिपिंग आणि ड्युटी मिळून डोळे पांढरे होतात. तुमची बोट दुसरी असेल तर आकडे बदला, पद्धत तीच.

आधी दोरा, मग कापड

सगळे कापडापासून सुरुवात करतात, कुठलं घेऊ, कुठल्या रंगाचं घेऊ. मी म्हणेन आधी दोऱ्याचं बघा. आपल्या उन्हात बोटीवरच्या वस्तू बहुतेक वेळा कापड फाटून जात नाहीत, टीप सुटून जातात. कापड चांगलं धडधाकट असतं आणि नखाने खेचलं की दोरा पटापट तुटतो. टेलरकडे जो साधा दोरा असतो तो टिकट (म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा नंबर) १२० च्या आसपासचा, म्हणजे शर्टाचा. बोटीला बॉन्डेड पॉलिस्टर दोरा लागतो, टिकट ४० किंवा ३०. इथे नंबर जितका कमी तितका दोरा जाड, हे दुकानात गोंधळ करतं. परदेशी व्हिडिओत व्ही-६९ म्हणतात तो साधारण टिकट ४० आणि व्ही-९२ म्हणतात तो टिकट ३० च्या जवळ जातो. घरच्या मशीनला ४० झेपतो, ३० काही मशीनला झेपतो काहींना नाही, तुकड्यावर चालवून बघायचं.

सुती दोरा नको, तो ओलाव्याने कुजतो. नायलॉनचा दोरा ताकदवान असतो पण उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर मरतो आणि ताणला पण जातो, त्यामुळे जाळीवाल्यांकडचा नायलॉन दोरा मजबूत दिसला तरी कव्हरला वापरू नका. सगळ्यात भारी म्हणजे पीटीएफई दोरा, टेनारा नावाने मिळतो, त्याला ऊन काही करत नाही, पण महाग प्रकरण आहे आणि गुळगुळीत असल्यामुळे मशीनचं टेन्शन नीट बसवायला वेळ जातो. पहिल्या कामाला पॉलिस्टरच घ्या.

सुई टिकट ४० ला १६ नंबरची (पाकिटावर १००/१६ असं लिहिलेलं असतं) आणि ३० ला १८ नंबरची (११०/१८). टाके सुटायला लागले, दोरा तुटायला लागला की पहिलं काम सुई बदलायची, मशीनला शिव्या नंतर.

आता कापड. बोटीच्या कव्हरला जगभर चालतं ते सोल्युशन-डाईड ॲक्रिलिक, सनब्रेला हा त्यातला सगळ्यात माहितीचा ब्रँड. यात रंग धाग्याच्या आतपर्यंत असतो, वरून दिलेला नसतो, म्हणून उन्हात उडत नाही. आणि हे कापड श्वास घेतं, पाणी वरून घरंगळतं पण आतली वाफ बाहेर जाते. थेंब न थेंब अडवणारं नाही हे, मुसळधार पावसात साचलेलं पाणी झिरपतंच. पीयू कोटिंगचं पॉलिस्टर हा स्वस्त पर्याय, पाणी जास्त अडवतं, हवा कमी खेळते.

ताडपत्री? ट्रकवर असते ती पीव्हीसी कोटिंगची ताडपत्री मजबूत असते पण जड, आणि त्यातून हवा अजिबात जात नाही. पावसाळ्यात चार महिने बोट त्याखाली ठेवली की लाकूड, दोर, शिडं सगळ्यावर बुरशी. वापरायचीच असेल तर दोन्ही टोकांना हवा जायला जागा ठेवा. निळी-पिवळी प्लास्टिकची विणलेली ताडपत्री तर एका उन्हाळ्यानंतर भुसा व्हायला लागते आणि तो भुसा बोटभर होतो, ती नकोच. जुनं सुती कॅनव्हास दिसायला छान पण कोकणच्या पावसात कुजतं.

जुनं शीड मिळालं तर सोडू नका. रिटायर झालेली डेक्रॉनची शिडं क्लबांच्या स्टोअरमधे पडलेली असतात, डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच, रेससाठी निकामी झालेलं असलं तरी पिशव्यांना उत्तम. वाकवून बघा, करकर वाजत असेल तर चांगलं, बोटाने ढकलल्यावर फाटत असेल तर उन्हाने गेलेलं.

लोखंड नको

आयलेट, टिचबटणं, चेनचा रनर, सगळीकडे एकच परीक्षा: खिशात लोहचुंबक घेऊन जायचं. जोरात चिकटला की वर कितीही चकचकीत पॉलिश असू दे आत लोखंड आहे, आणि खाऱ्या हवेत त्याचे लाल डाग कापडावर कायमचे बसतात. आयलेट पितळेची, मागे वॉशर असलेली घ्या, हिरवी पडतात पण धरून राहतात. चेन मोल्डेड प्लास्टिक दातांची, मोठ्या कव्हरला १० नंबर, पिशव्यांना ५ नंबर चालते, वायकेके ची व्हिसलॉन म्हणून येते ती हीच. रनर पण प्लास्टिकचा किंवा स्टेनलेसचा. साध्या चेनचा हलका धातूचा रनर मिठाने पांढरा पडून जागेवरच अडकतो. प्रत्येक चेनवर दोन-तीन सेंटीमीटरची कापडाची झापड शिवायचीच, चेनला ऊन लागू नये म्हणून.

पट्ट्यांसाठी एक जुगाड. बॅगवाल्यांकडे मिळणारा पट्टा बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हात तो खरखरीत होऊन सुटतो. गाडीचे सीटबेल्ट पॉलिस्टरचे असतात. भंगारवाल्याकडून ते घ्या, धुवा, वापरा. शिवताना १८ ची सुई लावा आणि चाक हाताने फिरवा.

पुण्यात बोहरी आळीत दोर, पट्टे, आयलेट असं बरंच एका फेरीत मिळतं. मुंबईत कापडाला मंगलदास मार्केट, हार्डवेअरला नागदेवी, दोरांना दारूखाना. पण कुठेही जा, दोऱ्याचा टिकट नंबर आणि पॉलिस्टर आहे का हे रिळावर वाचूनच घ्या, दुकानदार "एकदम स्ट्राँग आहे साहेब" यापलीकडे सांगत नाही.

मशीन

घरात आजीची काळी पायडल मशीन असेल तर तुम्ही नशीबवान. ओतीव लोखंडाची, साधी सरळ टीप मारणारी, कॅनव्हासचे पाच-सहा थर ती रडत न बसता घेते. नवीन हलक्या ऑटोमॅटिक मशीन, ज्यात आत प्लास्टिकचे गिअर असतात, त्यांच्यावर पिशव्या आणि छोट्या वस्तू करा, कव्हरचे कोपरे त्यांच्या जिवावर येतात.

टाका मोठा ठेवायचा, ४ ते ५ मिलिमीटर, इंचाला पाच-सहा टाके. छोटा टाका म्हणजे पक्का असं नाही इथे, उलट जाड कापडात जवळजवळ भोकं पाडली की त्याच रेषेवर ते फाटतं. टेन्शन आधी तुकड्यावर जुळवायचं, आणि तुकडा तितक्याच थरांचा घ्यायचा जितके खऱ्या शिवणीत येणार आहेत. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, घट्ट करा. जाड दोऱ्याला बॉबिनच्या केसचा छोटा स्क्रू पाव फेरा सैल करावा लागतो, आधी त्याची मूळ जागा मार्करने खुणेने लिहून ठेवा. बॉबिनमधे जाड दोरा कमी मावतो, म्हणून सुरू करायच्या आधीच चार-पाच बॉबिन भरून ठेवा, नाहीतर लांब शिवणीच्या मधेच संपतो आणि चिडचिड होते.

कॅनव्हासला टाचण्या लावत बसू नका, वाकतात आणि भोकं पडतात. कपडे वाळत घालायचे चिमटे, किंवा अरुंद डबल साईड टेप. टेप असेल तर लांब शिवणीत वरचा थर पुढे सरकत नाही, हा मोठा फायदा. सुईला गोंद लागून चिकट झाली तर पुसत राहायचं. आणि जाड उंचवट्यावर मशीनचा फूट चढताना टाका अडखळतो तेव्हा फूटच्या मागच्या बाजूला कापडाची तितक्याच जाडीची घडी सरकवा म्हणजे फूट आडवा राहतो आणि मशीन सहज पुढे जाते.

कडा सीलबंद करायला सोल्डरिंग आयर्न. फरशीच्या तुकड्यावर कापड ठेवून पट्टीच्या कडेने ओढलं की ॲक्रिलिक, पॉलिस्टर कापलं पण जातं आणि दशा पण सुटत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवा, धूर नाकात घेऊ नका. पीव्हीसीचं कापड मात्र असं कधीच जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो, ते कात्रीनेच.

सुरुवात कशाने करायची

सरळ कव्हरला हात घालू नका. पहिली वस्तू टिलरचं कव्हर. टिलर म्हणजे सुकाणूचा हातात धरायचा दांडा, वॉर्निश केलेला असतो आणि उन्हात सगळ्यात आधी त्याचं वॉर्निश जातं. एक लांब नळी, एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला नाडी, बस. यात दुमड, सरळ टीप, नाडीचा बोगदा तिन्ही गोष्टींचा हात बसतो आणि बिघडलं तरी वीतभर कापड गेलं.

दुसरी वस्तू फेंडरचे मोजे. धक्क्याला बोट लावताना मधे जे फेंडर सोडतो ते उन्हात चिकट होतात आणि बोटीच्या रंगावर काळे पट्टे काढतात, आणि शेजारच्या बोटीनी टायर लटकवलेले असतील तर विचारूच नका. जुनी पोलरची चादर किंवा जाड ट्रॅकपँट घ्या. १५ सेंटीमीटर व्यासाच्या फेंडरचा घेर ४७ येतो, शिवणीला ३ धरून ५० सेंटीमीटर रुंद कापा, लांबी फेंडरपेक्षा दोन्हीकडे १०-१० जास्त, दोन्ही टोकांना नाडी. कापड ताणणारं असेल तर घेरात दोन-तीन कमी घ्या, घट्ट बसलेलं बरं. इथे दोरा कुठलाही चालेल, चादरच आधी जाते.

दोरांची पिशवी

ही प्रत्येक बोटीत पाहिजे. मेनशीट (मोठं शीड ओढायचा-सोडायचा दोर), हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) यांची उरलेली शेपटं कॉकपिटमधे, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत, पायात येतात, आणि बोट वळवताना नेमकी तीच पायाखाली सापडतात.

पिशवी ३० सेंटीमीटर रुंद, मागची बाजू ३० उंच, पुढची २४, खोली १०. मागचा तुकडा कापायचा ३३ बाय ३४.५, पुढचा ३३ बाय २८.५ (वर ३ ची दुमड आणि बाकी कडांना दीड-दीड शिवण यात धरलीये). आणि दोन्ही बाजू आणि तळ मिळून एकच लांब पट्टी, ती जाळीची, १३ रुंद ८४ लांब. जाळी म्हणजे मच्छरदाणीची मऊ नाही, प्लास्टिक कोटिंगची जाड जाळी, आउटडोअर खुर्च्यांना असते तशी. पाणी खालून जायला पाहिजे, कापडाचा तळ केलात तर पिशवीत कायम ओले दोर आणि वास. भोकं पाडून आयलेट लावणं हा दुसरा उपाय पण जाळी ती जाळीच.

आधी तिन्ही तुकड्यांच्या वरच्या कडा दुमडून टीप मारून घ्या. पुढच्या तुकड्याच्या दुमडीत पॅकिंगची प्लास्टिकची पट्टी सरकवा म्हणजे तोंड उघडं राहतं आणि एका हाताने दोर आत कोंबता येतो, ही पट्टी नसेल तर पिशवीचं तोंड मिटून जातं आणि कोणी वापरत नाही. मग जाळीची पट्टी पुढच्या तुकड्याला उलट बाजूने लावत जा, कोपऱ्यावर आलात की सुई कापडात खाली ठेवून फूट उचला, जाळीला एक सेंटीमीटरचा काप द्या, वळवा, पुढे चला. तसंच मागच्या तुकड्याला. आतल्या कच्च्या कडांवर टेप दुमडून पायपिंग करा. उलटवली की झाली.

बोटीला लावायला मागच्या तुकड्याच्या वरच्या कडेला तीन आयलेट आणि बारीक दोर. बोटीत नवीन स्क्रूची भोकं पाडू नका, विशेषतः लाकडी बोटीत, प्रत्येक भोक म्हणजे पाणी शिरायची जागा. आयलेटखाली कापड किमान तीन थर पाहिजे, दुमडीच्या आत सीटबेल्टचा तुकडा घातला तर कधीच उपटून येत नाही.

मोठं काम: बोटीचं कव्हर

दोन प्रकार असतात. एक सपाट, डेकवर ताणलेलं, आणि एक बूमवरून (मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) तंबूसारखं टाकलेलं. पावसाळ्यात उघड्यावर बोट ठेवणार असाल तर दुसरंच करा. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर खळग्यात एक सेंटीमीटर पाणी साचलं तर ते १० लिटर, म्हणजे १० किलो. सपाट कव्हरला जरा झोळ आला की पाणी साचतं, वजनाने झोळ वाढतो, अजून साचतं, आणि मुंबईच्या एका रात्रीच्या पावसात आयलेट उपटून कव्हर बोटीच्या पोटात. उतार असला की हा प्रश्नच नाही.

बूमचं मागचं टोक मेन हॅलयार्डला बांधून थोडं वर उचला, म्हणजे मधे उंच कणा तयार होतो. कापडाचा अंदाज असा. बोटीची अर्धी रुंदी ८० सेंटीमीटर, कणा काठापेक्षा ५० वर, तर उतरती बाजू आली साधारण ९४. त्यात काठाखाली २० लोंबतं, खालच्या दुमडीला ५, वरच्या शिवणीला ३, झाले १२२. दीड मीटर पन्ह्याचं कापड एका बाजूला पुरतं आणि २८ ची पट्टी उरते, ती पट्टे आणि ठिगळांना. लांबी बोटीची ४.०४, दोन्हीकडे १५-१५ जास्त आणि दुमडी, धरा ४.४५. दोन बाजू म्हणजे ९ मीटर. नाळेकडे (पुढच्या टोकाला) बोट निमुळती होते तिथले त्रिकोणी तुकडे उरतात, टिलरचं कव्हर त्यातूनच काढा.

पण हा अंदाज कापड विकत घेण्यापुरता. कापायचं ते साच्यावरून, आणि साचा बोटीवरच काढायचा, कागदावर मापं लिहून नाही, कारण बोटीला एकही सरळ रेष नसते. जुन्या चादरी चालतील, पण ताणणाऱ्या नकोत, सगळ्यात चांगलं म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिक, खालचं दिसतं. सकाळी वारा पडलेला असताना दोघांनी मिळून करायचं काम आहे. प्लास्टिक कण्यावर टेपने चिकटवा, खाली ओढा, सुरकुती जाईपर्यंत सरकवा, मग मार्करने काठाची रेष, कण्याची रेष, डोलकाठी कुठे आली, बाजूचे शरूड (डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या वायरी) कुठे आले, सगळं आखा. पुढची बाजू कुठली, बाहेरची बाजू कुठली, डावी की उजवी, हे तिथल्या तिथे लिहा. दोन्ही बाजू वेगळ्या आखा, जुन्या बोटी दोन्हीकडून सारख्या नसतात.

शिवणीला क्रम आहे. आधी दोन बाजू कण्यावर जोडायच्या. उलट बाजूने टीप मारायची, मग दोन्ही कडा एकाच बाजूला पाडून वरून दुसरी टीप. यात वरून एकच टीप उन्हात येते, पहिली आत झाकलेली राहते, म्हणून वरची गेली तरी कव्हर हातात येत नाही. कण्यावर बूमचं घर्षण असतं, तिथे आतून चार बोटं रुंद पट्टी पूर्ण लांबीभर. कापड कुठे आडवं जोडायची वेळ आलीच तर वरचा तुकडा खालच्यावर यायला पाहिजे, कौलं घालतात तसं, म्हणजे पाणी शिवणीत न जाता वरून जातं.

डोलकाठीपाशी कव्हर पुढून उघडं लागतं. नाळेपासून डोलकाठीपर्यंत १० नंबरची चेन, आणि डोलकाठीभोवती उभा गळा, वीतभर उंच, वर नाडी किंवा बेल्ट. डोलकाठीवरून ओघळणारं पाणी भरपूर असतं, गळा सैल राहिला तर सगळं आत. शरूडसाठी काठापासून वर चीर द्यावी लागते, चिरेच्या टोकाला गोल ठिगळ लावा, टोकदार ठेवली तर तिथूनच पुढे फाटत जाते. चिरेला वेलक्रो आणि वर झापड. वेलक्रो शिवायचाच घ्या, मागे गोंदवाला नाही, त्याचा गोंद सुईला लागून टाके सुटतात. वायरचं घर्षण होतं तिथे चामड्याचा तुकडा. रेक्झिन नको, सालं निघतात त्याची.

खालच्या दुमडीत दोर किंवा जाड इलॅस्टिकचा दोर. मला साधा दोर बरा वाटतो, इलॅस्टिक उन्हात मरतं. शिवाय कव्हर वाऱ्यात फडफडू नये म्हणून बोटीच्या पोटाखालून जाणारे तीन पट्टे, बकल प्लास्टिकचं. फडफडणारं कव्हर काही आठवड्यात स्वतःला फाडून घेतं, आणि बोटीच्या रंगाला पण घासतं. कव्हर ताणूनच बसलं पाहिजे. मागच्या टोकाला वर एक छोटी खिडकी, म्हणजे जाळी आणि त्यावर खाली तोंड असलेली झापड, हवा खेळायला. ही खिडकी बहुतेक लोक टाळतात, करा, आत भिंतीला बुरशी येत नाही.

हे सगळं वाचून घाबरलात तर एक मधला रस्ता आहे. साचा स्वतः काढा, कापड स्वतः कापा आणि लांब शिवणी रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून मारून घ्या. त्यांच्या मशीन दणदणीत असतात, आयलेट, बकल, टर्नबटन लावायचा हात बसलेला असतो आणि कामही लगेच करून देतात. फक्त दोरा आपला घेऊन जायचा आणि समोर थांबायचं, नाहीतर ते त्यांचाच दोरा लावतात आणि आपण दोऱ्याच्या त्याच रडगाण्यावर परत येतो.

उशा आणि बाकीचं

बसायच्या उशांना साधा यू-फोम घालू नका, तो पाणी पितो आणि सोडत नाही. ईव्हीए फोम, ज्याचे योगा मॅट आणि व्यायामाचे जाड गादे येतात, तो पाणी घेत नाही, तीन-चार सेंटीमीटर जाडी पुरते. यू-फोमच हवा असेल तर खालची बाजू जाळीची करा आणि उशी उभी करून वाळवा. खोळीची चेन मागच्या बाजूला, एका बाजूला पूर्ण आणि दोन्ही कोपरे वळून थोडी पुढे, नाहीतर फोम आत जात नाही. तरी जात नसेल तर फोमला कचऱ्याच्या पातळ प्लास्टिक पिशवीत घाला, पिशवी घसरते, फोम कोपऱ्यापर्यंत जातो, मग पिशवी ओढून काढा. आणि अशी उशी पाण्यावर तरंगते म्हणून कोणी तिला लाईफजॅकेट समजू नये. लाईफजॅकेटला, हार्नेसला, पाय अडकवून बाहेर झुकतो त्या पट्ट्यांना घरची सुई लावायची नाही, ते विकतच आणायचं, तिथे टीप सुटली तर माणूस पाण्यात जातो.

सेंटरबोर्ड (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायचं पातं) आणि सुकाणूच्या पात्याला पिशव्या करा, बाहेर कॅनव्हास, आत जुन्या ब्लँकेटचं अस्तर. गाडीच्या टपावर नेताना कडा वाचतात. तळाशी दोन आयलेट उघडी ठेवा आणि पातं ओलं ठेवून पिशवी बंद करू नका, ओलं ब्लँकेट लाकडाचं वॉर्निश सोलून काढतं.

सावलीचं छत, म्हणजे मांडव्याला नांगर टाकून जेवायला बसलो की वर टाकायचं, हे सगळ्यात सोपं. आयताकृती कापड, चारी बाजूंना दुहेरी दुमड, कोपऱ्यांना तीन थरांची गोल ठिगळं आणि आयलेट, दोन बोगद्यात इलेक्ट्रिकचे पीव्हीसी पाईप. रंग फिका घ्या. वारा वाढला की आधी छत उतरवायचं, नांगरावरची बोट छतामुळे शीड लावल्यासारखी ओढली जाते.

नंतरची देखभाल

खारं पाणी वाळून मिठाचे कण राहतात आणि ते टाक्यात शिरून दोरा कापतात. म्हणून गोड्या पाण्याने धुवा, गार पाणी, मऊ ब्रश, सौम्य लिक्विड साबण. कपड्यांची पावडर नको, कापडावर पाणी न थांबू देणारं जे फिनिश असतं ते निघून जातं. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमधे नको, इस्त्री तर नकोच, ॲक्रिलिक वितळतं. कावळे आणि सीगल जे सांडून जातात ते लगेच धुवा, वाळलं की डाग बसतो. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, जुलैत हे बोलायला सोपं आहे, पण घरात पंख्याखाली टाका. चेनच्या दातांवर वर्षातून एकदा साधी मेणबत्ती घासा.

दर सप्टेंबरला वरच्या टिपा नखाने खेचून बघा. तुटायला लागल्या की पूर्ण कव्हर उसवायची गरज नाही, जुन्या दोऱ्याच्या वरूनच, शक्यतो त्याच भोकांतून, नवीन टीप मारायची. चांगलं कापड असेल तर असं दोन-तीनदा करता येतं.

आणि बोटीवर एक छोटा डबा ठेवा. त्यात तेच टिकट ४० चं रीळ, दोन-तीन जाड हातसुया, मेणाचा तुकडा दोऱ्यावर ओढायला, शीड चिकटवायची टेप, हाताच्या तळव्यावर बांधायचा चामड्याचा पट्टा ज्याने सुई कॅनव्हासमधून ढकलता येते (चांभाराकडून करून मिळतो), लायटर आणि चार पितळी आयलेट. सुया तेलाचं बोट फिरवलेल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर गरज पडेल तेव्हा गंजलेल्या सापडतील.